तोंड दाबून बुक्क्यांचा मार

गेल्या पंधरवड्यात आमच्या टपालात एका भगिनीचे पत्र आले. ओळींच्या वहीतील दोन पाने, अक्षर वळणदार, खाडाखोड जवळजवळ नाही. पत्राखाली सही आहे. परंतु नाव छापू नये, गावाचा उल्लेख करू नये आणि कारखान्याचे नाव तर चुकूनही देऊ नये, अशी विनंती त्या दोन पानांत दोनदा केलेली आहे. ती आम्ही पाळतो.

ह्या भगिनीचे यजमान एका कारखान्याच्या भांडारात बावीस वर्षे काम करीत आहेत. वर्षभरापूर्वी तेथे नवे व्यवस्थापक आले. मालाच्या एका नोंदीवरून दोघांत मतभेद झाला आणि जो आकडा आपण मोजलेला नाही त्याखाली सही करण्याचे यजमानांनी नाकारले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यानंतर त्यांस कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, नोकरीवरूनही काढले नाही. भांडाराच्या किल्ल्या तेवढ्या काढून घेण्यात आल्या. मग त्यांचे टेबल हलले आणि प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेत मांडले गेले. मग हळूहळू काम बंद झाले. बैठकीचा निरोप त्यांना सोडून सर्वांना जाऊ लागला. चवथीच्या रजेचा अर्ज ‘विचाराधीन’ राहिला आणि गणपतीचे विसर्जन झाल्यावर मंजूर होऊन आला. एकत्र जेवणारे चौघे सहकारी एकेक करून दुसऱ्या टेबलाकडे सरकले. “आता ते सकाळी सातला डबा घेऊन घरातून निघतात, पण बसस्थानकावरच्या बाकावर बसून दोन-दोन बसगाड्या जाऊ देतात. पाय उचलत नाही म्हणतात,” असे त्या लिहितात. पत्राच्या अखेरीस दोनच प्रश्न आहेत. ह्या प्रकाराला काही नाव आहे का? आणि ह्यावर काही कायदा आहे का?

प्रश्न एका ओळीचे आहेत. उत्तर एका ओळीत मावणारे नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली त्याने बहुधा सासुरवाशीण डोळ्यांपुढे धरली असावी. आज ती कचेरीत, कारखान्यात, हॉटेलाच्या भटारखान्यात, रुग्णालयात आणि शाळेच्या शिक्षकखोलीतही लागू पडते. म्हणून ह्या पत्राला खाजगी उत्तर पाठवून मोकळे होण्याऐवजी त्याचा विचार ह्या स्तंभात करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कावळ्यांची टोळी

नाव आहे. ते शोधून काढण्याचे श्रेय मुख्यतः हाइन्झ लायमन ह्या मानसशास्त्रज्ञाकडे जाते. जन्माने जर्मन असलेला हा गृहस्थ (१९३२–१९९९) स्वीडनमध्ये स्थायिक झाला आणि १९८०च्या दशकात तेथील कामगारांच्या व्यथा ऐकता ऐकता एका विलक्षण साम्यापाशी येऊन थांबला. माणसे निरनिराळी, धंदे निरनिराळे. परंतु छळाची रीत तीच. ह्या रीतीला त्याने ‘मॉबिंग’ असे नाव दिले. हा शब्द मूळचा प्राणिशास्त्रातला. दिवसा चुकून बाहेर पडलेल्या घुबडाला माडावरच्या कावळ्यांनी टोळी करून कसे हुसकावले हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. एकटा कावळा घुबडाच्या वाटेस जात नाही. टोळी झाली की सगळ्यांनाच शौर्य चढते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ह्यालाच ‘बुलिंग’ म्हणतात. आम्ही त्यास ‘कामाच्या जागचा छळ’ असे साध्या मराठीत म्हणू.

लायमनने छळाची पंचेचाळीस रूपे नोंदविली. बोलू न देणे, वाळीत टाकणे, पाठीमागे टिंगल करणे, योग्यतेहून हलके काम देणे किंवा मुळीच काम न देणे, प्रकृतीस अपाय होईल अशा कामास जुंपणे, असे ते प्रकार. आणि एक मापही घालून दिले. असला प्रकार आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चालत राहिला तर तो छळ समजावा. हे माप महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक खरडपट्टी म्हणजे छळ नव्हे. हिशेब चुकला तर वरिष्ठाने विचारावे, उशीर झाला तर समज द्यावी, काम जमत नसेल तर स्पष्ट सांगावे. तो त्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. शिस्त चुकीवर बोट ठेवते आणि चूक सुधारली की थांबते. छळ माणसावर बोट ठेवतो, आणि तो माणूस निघून गेल्याखेरीज किंवा मोडून पडल्याखेरीज थांबत नाही.

लायमनचा आणखी एक निष्कर्ष आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. छळ झालेल्या माणसाविषयी कचेरीत एकच वाक्य ऐकू येते: “तो मुळातच विक्षिप्त आहे.” लायमन म्हणतो, क्रम उलटा लावून पाहा. जो माणूस वर्षभर वाळीत पडला, ज्याला कोणी उत्तर देत नाही, ज्याच्या प्रत्येक शब्दाचा विपर्यास होतो, तो चिडचिडा, संशयी आणि हट्टी होणारच. ज्या स्वभावाकडे बोट दाखवून छळाचे समर्थन केले जाते तो स्वभाव पुष्कळदा त्या छळानेच घडविलेला असतो. आधी जखम करावयाची आणि मग हा लंगडतो म्हणून हसावयाचे, असा हा न्याय आहे.

जपानी लोकांच्या बोलीत तर अशा माणसांसाठी १९७०च्या दशकापासून एक शब्दच रूढ झाला: ‘मादोगिवा-झोकु’, म्हणजे खिडकीकाठची जमात. नोकरीवरून काढता येत नाही, म्हणून खिडकीशेजारी टेबल द्यावयाचे आणि काम द्यावयाचे नाही. आमच्या पत्रलेखिकेच्या यजमानांना खिडकीही मिळाली नाही, एवढाच काय तो फरक.

दाराने की खिडकीने

हा प्रकार एखाद्या विकृत साहेबाच्या लहरीपुरता असता तर त्याची चर्चा अग्रलेखात करण्याचे कारण नव्हते. परंतु छळ हे धोरण होऊ शकते, आणि ते धोरण हजारो सुशिक्षित माणसे निमूटपणे राबवू शकतात, ह्याचा धडा फ्रान्सने जगाला दिला आहे. तो धडा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

‘फ्रान्स टेलिकॉम’ हे एके काळी फ्रान्सच्या टपाल खात्याचे अंग. आपल्याकडील जुन्या तार-टेलिफोन खात्यासारखेच. खांबावर चढणारे, तारा जोडणारे, गावोगाव दूरध्वनी पोहोचविणारे तंत्रज्ञ तेथे अभिमानाने नोकरीस लागत आणि निवृत्तीपर्यंत राहत. १९९७ साली कंपनीचे भाग बाजारात आले, १९९८ पासून स्पर्धा खुली झाली आणि २००४ मध्ये सरकारचा हिस्सा निम्म्याखाली उतरला. कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. माणसे कमी करावयाची होती. परंतु बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरांचा दर्जा होता. त्यांस कायद्याने घरी पाठविता येत नव्हते.

मग २००६ ते २००८ ह्या तीन वर्षांची एक योजना आखली गेली. सुमारे एक लाख वीस हजारांपैकी बावीस हजार माणसे बाहेर पडली पाहिजेत आणि दहा हजारांच्या कामाच्या जागा बदलल्या पाहिजेत. काढून टाकता येत नाही ना, मग माणूस आपण होऊन जाईल अशी परिस्थिती निर्माण करा. कंपनीचे प्रमुख दिदिए लोंबार ह्यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सभेत सांगितले की, ही माणसे मी ह्या ना त्या मार्गाने बाहेर काढीन, दाराने नाही तर खिडकीने. पुढे काय घडले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या अंगावर ह्या शब्दांनी आजही काटा उभा राहतो.

तारांवर आयुष्य घालविलेल्या तंत्रज्ञांना गिऱ्हाइकांशी दूरध्वनीवर बोलून योजना विकण्याच्या कामावर बसविण्यात आले. शंभर मैलांवर बदल्या झाल्या, त्या रुजू होईपर्यंत ती जागाही रद्द झाली. कित्येकांना रिकामे टेबल मिळाले. ‘बाहेर संधी शोधा’ असे निरोप वारंवार येऊ लागले. किती माणसे घालविली ह्यावर अधिकाऱ्यांचा मोबदला ठरू लागला. अधिकाऱ्यांना ह्या कामाचे शिक्षणही देण्यात आले. आप्त वारल्यावर माणूस नाकारणे, राग, खिन्नता अशा पायऱ्यांनी अखेर स्वीकारापर्यंत कसा येतो, ह्याचा आलेख त्यांस फळ्यावर काढून दाखविण्यात आला. म्हणजे आपण माणसांना शोकात ढकलीत आहोत हे ढकलणाऱ्यांना ठाऊक होते.

मग माणसे खरोखरच मरू लागली. जुलै २००९ मध्ये मार्सेय शहरातील एका पन्नाशीच्या अभियंत्याने आपले जीवन संपविले आणि आपल्या मृत्यूचे एकमेव कारण आपली नोकरी आहे असे लिहून ठेवले. फ्रान्स हादरले. कामगार संघटनांनी त्यापूर्वीच, २००७ मध्ये, ताण आणि सक्तीच्या बदल्यांची नोंद ठेवणारे स्वतःचे केंद्र उघडले होते. त्या नोंदी आता पुरावा ठरल्या. तक्रार झाली, श्रमनिरीक्षकांनी अहवाल दिला, आणि दहा वर्षांनी, २० डिसेंबर २०१९ रोजी, पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला. खटल्यात एकोणचाळीस व्यक्तींची प्रकरणे विचारात घेतली गेली: एकोणीस आत्महत्या, बारा आत्महत्येचे प्रयत्न, आठ जणांना आलेले तीव्र नैराश्य वा आजारपण. कंपनीला ७५,००० युरो दंड झाला. लोंबार, त्यांचे उपप्रमुख आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख ह्यांस प्रत्येकी एक वर्ष कारावास (त्यांपैकी आठ महिने स्थगित) आणि १५,००० युरो दंड ठोठावण्यात आला. २०२२च्या अपिलात लोंबार आणि उपप्रमुख ह्यांचा संपूर्ण कारावास स्थगित झाला. पण दोष कायम राहिला, आणि २१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठानेही तो कायम ठेवला.

ह्या शिक्षा किरकोळ वाटतील, आणि त्या आहेतही. परंतु निकालातील तत्त्व किरकोळ नाही. ज्या वरिष्ठांनी मृतांपैकी बहुतेकांचे तोंडही कधी पाहिले नव्हते, ते त्यांच्या छळाबद्दल दोषी ठरले. ‘आम्ही कोणाला वैयक्तिक त्रास दिला नाही, आम्ही केवळ धोरण आखले,’ ही सबब न्यायालयाने स्वीकारली नाही. छळाचे धोरण आखणे हाही छळच, असा त्याचा अर्थ.

शरीराचा हिशेब

नोकरदाराच्या मनाचे दुःख हा चैनीचा विषय आहे, पगार वेळेवर मिळतो ना, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी शरीराचा पुरावा मांडतो. इंग्लंडमधील सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून एक आणि १९८५ पासून दुसरी अशा दोन दीर्घ पाहण्या झाल्या. सगळे कचेरीत बसणारे, सगळे पगारदार, कोणी उपाशी नाही. तरीही जसजशी पायरी खालची तसतसे हृदयविकाराचे मरण अधिक, असे दिसून आले. धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात घेऊनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. दुसऱ्या पाहणीत असे आढळले की, आपल्या कामावर आपला काहीच ताबा नाही ही अवस्था हृदयाला घातक असते. फिनलंडमध्ये रुग्णालयांतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, दीर्घकाळ छळ सोसणाऱ्यांत नैराश्य जडण्याचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळले. झोप उडते, पोट बिघडते, रविवारची संध्याकाळ उतरू लागली की छातीत धडधड सुरू होते. घरातली मुले बाबांच्या पावलांच्या आवाजावरून आज बोलावे की नाही हे ओळखू लागतात. छळ कचेरीत होतो, पण त्याची झळ घराला बसते. आमच्याकडे पत्र यजमानांनी नव्हे, पत्नीने लिहिले, ते उगाच नव्हे.

आणि ज्या धन्याला माणसाच्या प्रकृतीशी कर्तव्य नाही, त्याने निदान स्वतःच्या धंद्याचा विचार करावा. एमी एडमंडसन ह्या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्या तपासल्या. ज्या तुकड्यांचे नेतृत्व चांगले, त्यांच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील असा तिचा तर्क होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या तुकड्यांतच चुका अधिक नोंदलेल्या! उलगडा नंतर झाला. चुका तेथे अधिक होत नव्हत्या. त्या तेथे सांगितल्या जात होत्या. जेथे दरारा होता तेथे चूक दडविली जात होती, आणि दडविलेली चूक रोग्याच्या अंगात जात होती.

हे वाचताना आम्हांस आमचीच एक आठवण झाली, आणि ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, पान छपाईला सोडावयाचे, आणि मथळ्यात एक ढोबळ चूक आढळली. आम्ही मुद्रित हाती धरून विभागात गेलो आणि वयाने आमच्याहून वडील असलेल्या मुद्रितशोधकाला, सगळ्यांच्या देखत, “तुम्हांला मराठी येते का?” असे विचारून तो कागद त्यांच्या टेबलावर भिरकावला. ते काही बोलले नाहीत. चूक दुरुस्त झाली, अंक वेळेवर निघाला. पुढे तीन-चार महिन्यांनी आमच्याच अग्रलेखात एक साल चुकले आणि तसेच छापून गेले. आम्ही त्यांना विचारले, “ही तुमच्या नजरेला पडली नाही?” ते शांतपणे म्हणाले, “पडली होती. बोलावेसे वाटले नाही.” त्यापूर्वी आमच्या कितीतरी चुका त्यांनी गुपचूप सावरल्या होत्या, हे त्या एका वाक्याने आम्हांस कळले. क्षमा आम्ही मागितली ती त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, आणि तीही एकांतात. अपमान मात्र चारचौघांत केला होता. तो हिशेब आज ह्या स्तंभात चारचौघांत पुरा करतो.

एका रात्रीचा तो राग होता. सहा महिन्यांचा छळ नव्हता, हे खरे. परंतु एका रात्रीच्या रागाने जर एका निष्ठावान माणसाची जीभ कायमची बांधली जाते, तर रोजच्या छळाने काय होत असेल?

कायद्याचे कुंपण

आता दुसरा प्रश्न: कायदा आहे का? जगात आहे. स्वीडनने १९९३ मध्ये कामाच्या जागच्या छळाविरुद्ध नियम केले आणि तो रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा गुन्हा ठरविला. त्या तरतुदीवरच वर सांगितलेला खटला उभा राहिला. जपानने २०१९ मध्ये कायदा केला आणि त्याखालील मार्गदर्शनात छळाचे सहा प्रकार सांगितले. मारहाण, मानसिक आघात आणि वाळीत टाकणे ह्यांच्या जोडीने, न पेलणारे काम देणे आणि योग्यतेच्या मानाने क्षुल्लक काम देणे किंवा कामच न देणे, हेही त्यांत आहेत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९० क्रमांकाचा करार संमत केला. कामाच्या जगात हिंसा आणि छळ ह्यांपासून मुक्त असणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे तो सांगतो. २०२१ पासून तो अमलात आहे आणि चाळीसहून अधिक देशांनी त्यास मान्यता दिली आहे. हे लिहीपर्यंत त्यांत भारताचे नाव नाही.

आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे, आणि तोही किती वाट पाहून मिळाला! सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणी १९९७ साली निकाल दिला. संसदेने कायदा केला २०१३ मध्ये. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे असे तो बजावतो. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु जो छळ लैंगिक नाही, त्याला आपल्या कायद्यात स्वतंत्र दारच नाही. असलेल्या दारांच्या फटींतून आत शिरावे लागते. धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली कामगाराची बदली ही ‘अनुचित श्रमप्रथा’ आहे, असे औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात नमूद होते आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आली आहे. शिक्षा म्हणून केलेली बदली टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी प्रकरणात सांगितले आहे. जगण्याचा हक्क म्हणजे मानवी प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, असा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा अर्थ त्याच न्यायालयाने १९८१ मध्ये केला. हे सारे खरे. पण टेबल संडासाच्या वाटेत मांडले, ह्याबद्दल तक्रार कोठे करावयाची?

न्याय संहितेतील आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम कडक आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. परंतु ते दार उघडण्यासाठी माणसाला आधी मरावे लागते. पुण्यात २०२४ साली एका नामांकित हिशेबतपासनीस संस्थेतील सव्वीस वर्षांची तरुणी नोकरीस लागल्यापासून चार महिन्यांत वारली. मृत्यू कामाच्या ताणाने झाला हे संस्थेने मान्य केले नाही आणि त्याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रातील एक गोष्ट आम्ही विसरू शकत नाही: मुलीच्या अंत्यविधीला कचेरीतले कोणीही आले नव्हते.

कायदा करणे राज्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. केरळमध्ये कापडाच्या मोठ्या दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे. गिऱ्हाईक नसतानाही भिंतीला टेकणे हा अपराध. त्या बायका संघटित झाल्या, आणि २०१८ मध्ये केरळने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तोच मार्ग धरला. एक साधे स्टूल. पण त्यासाठी कायदा करावा लागला, आणि तो राज्यांनी केला.

गोमंतकाला तर ह्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला ‘उद्या ऊठ’ म्हटले की उठावे लागेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराघरांत होती. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यास संरक्षण दिले. त्या कायद्याची अंमलबजावणी किती रेंगाळली हा वेगळा विषय. परंतु दुसऱ्याच्या जमिनीत राहणारा माणूसही ताठ मानेने राहू शकतो, हे तत्त्व आपण कायद्यात लिहिले. बागायतीतला भाटकार आता थंड हवेच्या केबिनमध्ये जाऊन बसला असेल, तर तेच तत्त्व तेथवर नेणे हे आपल्या विधानसभेचे काम आहे. दहा माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागी जी समिती असावी असे कायदा सांगतो, तिच्या धर्तीवर सर्व प्रकारच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी, बाहेरची एक तटस्थ व्यक्ती असलेली समिती का नसावी? तक्रारदाराची बदली वा पगारकपात चौकशी पुरी होईपर्यंत करता येणार नाही, एवढे एक कलम जरी झाले, तरी पुष्कळांच्या तोंडावरचा हात सुटेल.

काय करावे

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ह्या भगिनीच्या यजमानांनी काय करावे? आमच्या अल्प अनुभवातून सांगतो. एक वही घालावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण काय म्हणाले, कोण हजर होते, ते त्याच दिवशी लिहावे. फ्रान्समध्ये अशाच नोंदींनी न्याय मिळवून दिला. तोंडी हुकूम आला की ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे’ असे लिहून त्याची लेखी खातरजमा मागावी. ‘मला काम द्यावे’ असा लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. काम मागणाऱ्याला कामचुकार म्हणता येत नाही. वरच्या कार्यालयाला कळवावे. कामगार संघटना असल्यास तिच्याकडे आणि पणजीच्या श्रम आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे. वैद्याला झोपेची आणि छातीची तक्रार सांगताना तिचे कारणही सांगावे. आणि मन फारच काळवंडले तर एकटे राहू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो लावण्यात कमीपणा नाही.

मात्र सर्व भार पीडितावर टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. श्रमसंघटनेने २०२१ मध्ये १२१ देशांत सुमारे पंचाहत्तर हजार नोकरदारांना विचारले, तेव्हा पाचांपैकी एकाहून अधिक जणांनी, म्हणजे २२.८ टक्क्यांनी, कामाच्या जागी कधी ना कधी हिंसा वा छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत मानसिक छळाचे प्रमाण सर्वांत अधिक. आणि त्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी ही गोष्ट कोणापाशी तरी बोलून दाखविली होती. उरलेल्यांना वाटत होते, सांगून उपयोग काय, आपलीच अब्रू जाईल.

हे मौन कोण घडवितो? साहेब एकटा नाही. साहेबाने टेबल हलविले. जेवणाचे डबे घेऊन दुसरीकडे सरकणारे चौघे सहकारी होते. ते दुष्ट आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांना घरे आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, उद्या आपलेही टेबल हलेल ही भीती आहे. परंतु टोळी ज्याने तयार होते ते हेच. घुबडावर धावणाऱ्या प्रत्येक कावळ्याला वाटते की पहिली चोच आपली नव्हती.

म्हणून ह्या लेखाचा शेवट त्या चौघांना उद्देशून करतो. तुमच्यापैकी कोणी हा अंक वाचीत असेल, आणि ही हकीकत कोणाची हे ओळखले असेल, तर तुम्हांस मोर्चा काढावयास आम्ही सांगत नाही. साहेबाशी भांडण्यासही सांगत नाही. उद्या दुपारी घंटा झाली की आपला डबा उचला आणि त्या वाटेतल्या टेबलाशी जाऊन बसा. बसण्यापुरते एक स्टूल ओढून घ्या. त्या भगिनीने विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात पूर्णपणे मिळत नाहीत; काही उत्तर तुमच्या हातात आहे.